मोटारीतील मंदावलेला ओटू सेन्सर : बदलण्यापूर्वी पारख
(भाषणाचा मजकूर)



मोटार सुरू होते, चालते, घाटही चढते. तरीही चालकासमोरच्या फलकावरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. असा प्रसंग आज शहरांप्रमाणेच खेड्यापाड्यांतील कुटुंबांवरही येतो. उदाहरणादाखल सत्तरी तालुक्यातील एका शाळामास्तरांची आठ-दहा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी डोळ्यांपुढे आणावी. दिवा लागला म्हणून मास्तर गॅरेजात गेले. मेकॅनिकने स्कॅनर जोडला, पडद्यावर ‘पी ०१३३’ हा संकेतांक उमटला आणि निर्णय तत्क्षणी झाला : “मास्तर, ओटू सेन्सर गेला. बदलावा लागेल.” सेन्सर बदलला, काही हजार रुपये खर्च झाले आणि पंधरवड्याने तोच दिवा पुन्हा लागला. पैसे गेले, दोष मात्र जागच्या जागी राहिला. हे कसे टाळता येईल, हाच या भाषणाचा विषय होय.

प्रथम हा सेन्सर करतो काय, ते पाहणे आवश्यक आहे. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत तो बसविलेला असतो. जळून आलेल्या वायूंत प्राणवायू किती उरला आहे, हे तो इंजिनाच्या संगणकाला सतत कळवितो. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर मिश्रण ‘रिच’ होते. अधिक झाली तर ते ‘लीन’ होते. रॉकेलच्या स्टोव्हला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरते, हा अनुभव जुन्या पिढीतील प्रत्येक गृहिणीला आहे. इंजिनातील ज्योत डोळ्यांना दिसत नाही; म्हणून तिची खबर आणणारा हा सेन्सर.

१९७६ साली बॉश कंपनीचा असा सेन्सर व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत प्रथम बसविण्यात आला. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल व धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे हे सेन्सर व कन्व्हर्टर या दोहोंनाही विषासमान असल्याने हा बदल अपरिहार्य होता. आज कन्व्हर्टरचे आरोग्य बव्हंशी या सेन्सरवरच अवलंबून असते.

नेहमीच्या प्रकारचा सेन्सर झिर्कोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यानंतरच तो नीट काम करतो. म्हणून त्यात विजेचा हीटर असतो. मिश्रण रिच असता तो सुमारे ०.९ व्होल्ट आणि लीन असता सुमारे ०.१ व्होल्ट दाखवितो. संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-अधिक करीत राहतो आणि सेन्सरचा आकडा सतत खाली-वर होत राहतो. निरोगी सेन्सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे साधारणतः एक दशांश सेकंदाच्या आत वळतो. तो जुना झाला, त्यावर काजळी वा तेलाची राख बसली, की बातमी खरी पण उशिरा येऊ लागते. दरम्यान संगणक गरजेपेक्षा अधिक पेट्रोल देऊन बसतो किंवा गरजेपेक्षा अधिक तोडतो. परिणामी पेट्रोल वाया जाते, विषारी वायू वाढतात, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो अतोनात तापतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असलेला कन्व्हर्टर निकामी झाला, तर त्याचा खर्च सेन्सरच्या कित्येक पट असतो.

म्हणूनच दिव्याकडे दुर्लक्ष करणे जितके चुकीचे, तितकेच न पारखता सेन्सर बदलणेही चुकीचे. ‘पी ०१३३’ याचा अर्थ एवढाच की, पहिल्या सेन्सरकडून येणारा प्रतिसाद मंद आहे. सेन्सर स्वतः मंद आहे की त्याला मंद करणारे दुसरेच काही आहे, हे तो संकेतांक सांगत नाही. ते शोधण्याचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

पहिली पायरी नोंदीची. सर्व संकेतांक आणि दिवा लागला त्या क्षणी संगणकाने जतन केलेली माहिती लिहून घ्यावी; ती पुसण्याची घाई करू नये. हीटरच्या दोषाचा किंवा लीन मिश्रणाचा संकेतांक सोबत असेल, तर प्रथम त्याचा शोध घ्यावा.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि कानांची. वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, पावसाच्या पाण्याने कपलर गंजले आहेत काय, हवेच्या रबरी नळ्यांना तडे गेले आहेत काय, हे पाहावे. सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी किंवा तिचे गॅस्केट फुटले असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरची फसगत होते. थंड इंजिन सुरू करताना होणारा टक्-टक् आवाज व जोडाजवळची काळी काजळी ही त्याची खूण.

तिसरी पायरी हीटरची. फ्यूज, पुरवठा आणि हीटरचा रोध मल्टिमीटरने मोजून कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत.

चौथी पायरी प्रत्यक्ष चाचणीची. इंजिन पूर्ण तापवून मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावे व सेन्सरचा आलेख पाहावा. स्कॅनरवर एकाच वेळी अनेक नोंदी उघडल्यास पडदा सावकाश बदलतो आणि निरोगी सेन्सरही मंद भासतो. म्हणून त्या वेळी केवळ याच सेन्सरची नोंद उघडावी. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास अधिक उत्तम. त्यानंतर ॲक्सिलरेटर झटकन दाबून मिश्रण रिच करावे, आणि हवेची एक लहान नळी क्षणभर काढून ते लीन करावे. दोन्ही वेळी आकडा चपळाईने वर व खाली गेला, तर सेन्सर निर्दोष आहे; दोष हवेच्या वा पेट्रोलच्या पुरवठ्यात शोधावा. हीटर व नळी ठीक असूनही आकडा रेंगाळला, तरच सेन्सर दोषी ठरवावा.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. कन्व्हर्टरच्या पलीकडे असलेल्या दुसऱ्या सेन्सरचा आकडा स्थिर असणे हेच आरोग्याचे लक्षण होय. त्याला मंद समजू नये. तसेच अनेक नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचा, ‘वाइडबँड’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. त्याला वरील व्होल्टचे आकडे लागू पडत नाहीत.

सेन्सर दोषी ठरल्यावरही एक प्रश्न उरतो : तो का बिघडला? इंजिन ऑइल जळत असेल, कूलंट गळून सिलिंडरमध्ये शिरत असेल, किंवा दुरुस्तीच्या वेळी अयोग्य सिलिकॉन लावले गेले असेल, तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. नवा बसविल्यावर संकेतांक पुसून, गाडी रस्त्यावर चालवून आलेख पुन्हा पाहावा.

मास्तरांच्या गाडीचे पुढे काय झाले? दुसऱ्या गॅरेजात, थंड इंजिन सुरू होताच, एका वयस्क फिटरने कान दिला आणि म्हटले, “मास्तर, सेन्सर चांगला आहे. गॅस्केट फुटलंय.” अल्प खर्चात गॅस्केट बदलले आणि दिवा विझला.

गाडी दुरुस्तीला देताना प्रत्येकाने दोन गोष्टी नम्रपणे पण आग्रहाने विचाराव्यात : “कोणकोणत्या चाचण्या केल्या?” आणि “आलेख दाखवाल काय?” प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याच्या कौशल्याची कदर होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना भाग बदलण्याआधी दोष सिद्ध करण्याची सवय लावावी. त्यायोगे गरजूंचा पैसा वाचेल, आणि ज्या हवेत सर्वांचीच मुलेबाळे श्वास घेतात, ती हवाही काही अंशी स्वच्छ राहील.