सेवा क्लबची ओळख कशाने होते?

लायन्स क्लब म्हटलं की आपल्याकडे पटकन आठवतं ते डोळे तपासणी शिबिर. ही ओळख जाहिरातीने झालेली नाही. १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन भरलं होतं. तिथे स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करा, अशी साद घातली आणि संस्थेने ती उचलली. पुढे १९३० मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरातल्या लायन्स क्लबने अंधांना पांढरी काठी दिली. काळी काठी गाडीवाल्यांना दिसायची नाही, पांढरी लांबूनच दिसे. काठीबरोबर क्लबचं नावही लोकांपर्यंत गेलं.

आपल्याकडे मात्र फ्लेक्सवर पदाधिकाऱ्यांचे फोटो मोठे आणि शिबिराची वेळ कोपऱ्यात बारीक अक्षरात! दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, तीही हारतुऱ्यांची. शिबिर होऊन गेल्यावर कळलं, तर मोतीबिंदू झालेल्या आजींना त्याचा काय उपयोग?

बातमी आधी द्या. दिवस, जागा, कागदपत्रं कोणती आणायची, चालू औषधं सोबत हवीत का, शस्त्रक्रियेनंतर घरी कोण सोडणार, एवढं लिहा. वाणसामानाच्या दुकानात, एसटी स्टँडवर, अंगणवाडीत कागद लावा. शिबिर झाल्यावर किती जणांची शस्त्रक्रिया झाली आणि फेरतपासणी कधी, तेही त्याच ठिकाणी लावा. सत्काराचा फोटो नाही छापून आला तरी चालेल.