दिव्यांची लुकलुक आणि कॅमेरा

घरच्या हळदीचा व्हिडिओ हौसेनं काढावा आणि नंतर पाहताना नवरीच्या चेहऱ्यावरून काळपट पट्टे सरकताना दिसावेत, हा अनुभव अनेकांना आला असेल. कॅमेरा बिघडलेला नसतो, लुकलुकत असतो तो हॉलमधला दिवा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणाऱ्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्तातल्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र चित्र बहुधा ओळीओळीनं टिपतो. शटर फार वेगवान असेल, समजा १/५०० सेकंद, तर काही ओळींच्या वाट्याला भर उजेड येतो, काहींच्या वाट्याला उतरता. झाले पट्टे!

यावर उपाय म्हणजे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण लाट मिळते. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा घ्यावा. आणि हो, अमेरिकेहून भाच्यानं कॅमेरा आणला असेल, तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ नाही ना, ते आधी बघा. तिकडची वीज ६०ची. जपानात तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, तिथल्या फोटोग्राफरचं काय होत असेल!

डिमर लावलेल्या एलईडीला मात्र शटरचा हा हिशोब लागू पडेलच असं नाही. डिमर पूर्ण वाढवून बघा, नाहीतर सरळ नवरीला खिडकीजवळ बसवा.