एका अरब कबिल्याचं नाव चिंचणीला कसं पोचलं?

आजचा प्रवास लांबचा आहे, पण सुरुवात आपल्याच लाइनवर. बोरिवलीहून डहाणू लोकल पकडायची, वाणगावला उतरायचं, तिथून चिंचणी जवळच. तुमच्यापैकी बरेच जण तिथल्या बीचवर जाऊन आले असतील. याच गावात गेल्या शतकात काही जुने ताम्रपट सापडले.

त्यातला एक आहे शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राजा कोण, तर राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा इंद्र. भाषा संस्कृत. आणि त्यात संजान भागाचा कारभारी म्हणून नाव येतं मधुमतीचं. ही कोणी बाई नाही हां! मधुमती म्हणजे मोहम्मद, संस्कृत वळणात लिहिलेला. त्याची ओळख दिली आहे 'ताजिक' अशी. त्या काळी आपल्याकडे अरबांना ताजिक म्हणत.

आता हा शब्द आला कुठून? हातिमताईच्या गोष्टी ऐकल्यात ना? हातिम खरोखरचा माणूस होता. सहाव्या शतकातला कवी, दानशूर म्हणून प्रसिद्ध. त्याच्या नावातलं 'ताई' म्हणजे आपली ताई नव्हे. 'ताय्य' कबिल्यातला तो 'ताई'. अरब वंशावळी सांगतात, की हा कबिला मूळचा येमेनचा. तिथून उत्तरेला सरकला आणि अजा आणि सलमा या दोन डोंगरांपाशी वसला. आजच्या सौदी अरेबियात हाइल शहर आहे, तो भाग. पुढे त्याच्या शाखा इराक आणि सीरियाच्या कडेपर्यंत पसरल्या.

तिथे इराणी लोकांना आधी भेटले ते हेच अरब. मग त्यांनी काय केलं? सगळ्याच अरबांना यांच्या नावावरून हाक मारायला सुरुवात केली. बहुतेक अभ्यासकांच्या मते 'ताजिक' शब्द असाच बनला. हसू नका, आपण तेच करतो. माटुंग्यातला माणूस केरळचा असो, आंध्रचा असो, की म्हैसूरचा, आपल्यासाठी सगळे 'मद्रासी'!

या शब्दाचा पुढचा प्रवास तर आणखी भारी आहे. मध्य आशियात त्याचा अर्थच उलटला आणि तो फारसी बोलणाऱ्यांना चिकटला. आजचं ताजिकिस्तान त्यातूनच आलंय. कबिला अरब, नाव मिरवणारा देश फारसी बोलणारा.

मग आपला मधुमती ताय्य कबिल्यातला होता का? इथेच गंमत आहे. ताम्रपटात त्याच्या वडिलांचं नाव 'सहियारहार' असं आहे. हे इराणी 'शहरियार'चं रूप असावं, असं मानलं जातं. म्हणजे बाप बहुधा इराणी नावाचा, मुलाचं नाव अरबी, बिरुद एका तिसऱ्याच कबिल्यावरून आलेलं, आणि नोकरी कानडी राजघराण्याची. शब्दावरून रक्त शोधायला जाल, तर असे फसाल.

पण त्याने काय केलं, ते स्पष्ट लिहिलंय. नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या. संजानला अन्नछत्र काढलं, तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळायचं. शिवाय अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने देवीचा मठ बांधला होता. त्याच्या खर्चासाठी गाव आणि जमीन दिल्याचीच नोंद हा ताम्रपट करतो.

आता जरा मागे जाऊ. इसवी सन ७३९ च्या नवसारीच्या ताम्रपटातही ताजिक आहेत, पण ते चाल करून आलेले शत्रू. चालुक्य सरदार पुलकेशीने त्यांना हरवलं, अशी त्याची स्तुती त्यात आहे. १८७ वर्षांत तोच शब्द शत्रूवरून होड्या चालवणाऱ्या कारभाऱ्यापर्यंत आला. शब्द तोच, माणसं वेगळी.

त्याच सुमारास, ९१६ च्या आसपास, अल-मसूदी हा प्रवासी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलंय. कोणी बसऱ्याचे, कोणी ओमानचे, कोणी सिराफचे. आणि इथेच जन्मलेल्यांसाठी एक वेगळा शब्दसुद्धा तयार झाला होता: 'बयासिरा'. विचार करा, हजार वर्षांपूर्वीही 'इथे जन्मलेले' ही ओळख होती!

म्हणून कोणी कॉलेजमध्ये, भाड्याने घर बघताना किंवा फॅमिली ग्रुपवर 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं, की हा मधुमती आठवा. वंशावळीत बापाचं नाव चालतं. आईचं, आजीचं गाव त्यात बहुतेक वेळा नसतंच. कबिल्याचं नाव हजारो मैल फिरतं, अर्थ बदलतं, भलत्याच माणसाला चिकटतं. मधुमतीचं मूळ आपल्याला कळत नाही, त्याच्या होड्या मात्र कळतात.

तुमच्या आडनावाचा प्रवास कुठून सुरू झाला? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजीला आधी. आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!