दम्याचा पंप



दम्याच्या माणसाला पहाटे धाप लागते. छाती सूं सूं वाजते. असे का होते? आपल्या छातीत हवेच्या बारीक नळ्या आहेत. दम्यात त्या आतून सुजतात, आवळतात. मग हवा आतबाहेर कशी जाणार?

अशा वेळी साल्ब्युटामॉलचा पंप कामी येतो. हे औषध १९६९ साली निघाले. पुष्कळजण आम्हांला म्हणतात, "पंपाची सवय लागते हो! आपली गोळीच बरी." पण हे खरे नाही. गोळी पोटातून रक्तात जाते, मग छातीत पोचते. पंपाचे औषध थेट नळ्यांत जाते. म्हणून ते अगदी थोडे पुरते, आणि काही मिनिटांत आराम पडतो.

पंप घ्यावा कसा? आधी तो हलवावा. श्वास सोडावा. पंप तोंडात धरून ओठ मिटावेत. सावकाश श्वास ओढू लागताच पंप दाबावा. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू या. हा पंप नळ्या सैल करतो, सूज उतरवीत नाही. सुजेचा पंप वेगळा असतो. तो डॉक्टर सांगतील तसा रोज घ्यावा, मग चूळ भरावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये.

आरामाचा पंप वरचेवर लागू लागला, तर दमा वाढतो आहे असे समजावे. पंप घेऊनही बोलवेना, ओठ निळे पडले, तर तडक दवाखाना गाठावा.

पंपाला भिऊ नका. दम्याला हलका समजू नका.