पाण्यातले लोखंड आणि त्याचा शेजारी

मुदखेड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. इथून एक फाटा आदिलाबादला जातो, दुसरा निजामाबादला. समुद्राला एकही जात नाही. तेव्हा इथल्या माणसाने शिडाच्या होडीविषयी बोलावे याचे आपणांस हसू येईल. पण माझी गोष्ट सुरू होते ती विहिरीपासून.

आमच्या विहिरीत पाणबुडी मोटर आहे, अंग स्टेनलेस स्टीलचे. मागे दुरुस्तीला वर काढली तेव्हा तिचे चार बोल्ट हरवले. मिस्त्रीने साधे लोखंडी घातले. “सर, बोल्ट तो बोल्ट, त्यात काय पाहायचं?” मलाही ते पटले. दीड वर्षाने, ऐन चैत्रात, मोटर तुटून तळाला गेली. ती निघेपर्यंत आठ दिवस गेले आणि उन्हाळी भुईमुगाने माना टाकल्या. वर आले ते बोल्ट सुईसारखे झिजलेले होते. नवल असे, की त्याच पुडीतले दोन बोल्ट त्याच पाण्यात लोखंडी पाइपला बसवले होते. त्यांच्यावर गंज होता, पण अंग शाबूत!

मी इतिहास शिकवतो, रसायन नव्हे. म्हणून कॉलेजातल्या रसायनाच्या सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, “अहो, हे तर तुमच्याच इतिहासात आहे.”

खरेच आहे. 1761 साली इंग्रजांनी ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारा किडा आणि शेवाळ, दोन्ही दूर राहावे हा हेतू. जहाज वेस्ट इंडीजकडे गेले. 1763 मध्ये तपासले तर तांबे ठीक, पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात बांधून आले होते, त्याचा तुकडा त्या खिळ्यांच्या डोक्याखाली चुकून राहिला होता. तांब्याचा आणि लोखंडाचा स्पर्शच झाला नव्हता.

दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि एकाच पाण्यात बुडाले, की त्यांची बॅटरी होते. त्यांतला एक झिजतो, दुसरा वाचतो. लोखंड आणि तांबे असेल तर लोखंड झिजते. जस्त आणि लोखंड असेल तर जस्त. स्टेनलेस स्टील बहुधा तांब्याच्याच पंगतीला बसते. पाणी खारट असले की हे काम जोरात चालते. आणि मोठ्या स्टेनलेसला चिमूटभर लोखंड जोडले, तर सगळा भार त्या चिमटीवर पडतो. आमच्या बोल्टांचे तेच झाले.

हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने 1824 मध्ये हेच उलटे वापरले. तांबे वाचवायचे ना? मग त्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा, ते झिजतील. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ जहाजावर त्याने हे करून पाहिले. तांबे वाचले! परंतु तांबे झिजेना म्हणून त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाला शिंपले-शेवाळाने घेरले. चाल मंदावली, आणि नौदलाने तो नाद सोडला.

युक्ती मात्र टिकली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीने दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अशा होड्यांचे अंग लाकूड-फायबरचे असले तरी पंखा आणि त्याचा दांडा धातूचाच. त्यांना जस्ताचा गोळा जोडतात. तो झिजला की बदलायचा. त्याला रंग मात्र कधी लावू नये. पुष्कळजण हौसेने लावतात, आणि मग तो नुसता ओझ्याचा धनी.

आपल्या गोड्या पाण्यात जस्त तितके जोमाने काम करीत नाही. तिथे मॅग्नेशियम बरे. घरातल्या गीझरमध्ये त्याचीच कांडी असते. पण विहिरीसाठी याहून सोपे आहे : ज्या धातूचे अंग, त्याच धातूचे बोल्ट. नाइलाज असेल तर मधे प्लॅस्टिक घाला. नुसता डोक्याखाली वॉशर पुरत नाही, बोल्टच्या अंगावरही नळी हवी. आणि फक्त लोखंडी बोल्टला रंग देऊन निश्चिंत होऊ नका. जिथे रंगाला ओरखडा जाईल, तिथे तो खोलवर खाल्ला जातो.

शिक्षकमित्रांनो, वर्गात दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एका खिळ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळा, दुसऱ्याला जस्ताचा मुलामा दिलेली तार. सोमवारी ठेवा, गुरुवारी मुलांना दाखवा. कोणता पेला लाल झाला ते त्यांनाच सांगू द्या.

आमच्या मोटरला आता स्टेनलेसचे बोल्ट आहेत. शिवाय नायलॉनचा एक दोरही बांधला आहे. मिस्त्री त्याला हसतो. हसू द्या.