शेवटचं कडवं गाळू नका

बेल्हेकर बंधू-भगिनींनो, आणि आणे, राजुरी, आळेफाटा, नारायणगावहून आलेल्या कलावंतांनो,

तुम्ही मला या कार्यक्रमाचा अध्यक्ष केलंत. आता थेट भांडणाला येतो. माझं भांडण आहे ते वामनदादा कर्डकांना ‘लोकगायक’ म्हणून हार घालणाऱ्या आणि कवींच्या यादीतून त्यांचं नाव गाळणाऱ्या साहित्यातल्या कारभाऱ्यांशी. एका संमेलनाच्या आखणीत मी होतो. दादांच्या गाण्यांवर परिसंवाद ठेवा म्हणालो. उत्तर आलं, ‘जेवणानंतर गाण्यांचा कार्यक्रम आहे की!’ म्हणजे विचार करायला दुसरे आणि जेवण जिरवायला वामनदादा? हे मी चालू देणार नाही.

दादांची देशवंडी आपल्याला परकी नाही. नाशिक रस्त्यानं वर गेलं की सिन्नर, त्याच तालुक्यातलं हे गाव. तिथं 15 ऑगस्ट 1922 रोजी दादा जन्मले. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली. तिथं कुणीतरी पत्र वाचायला हातात दिलं आणि वाचता येईना. ती शरम त्यांनी गिळली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं आणि 15 मे 2004 ला जाईपर्यंत हजारो रचना केल्या. त्यात बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, कष्टकऱ्याचं घर आहे, गझलही आहे. बड्या उद्योगपतींची नावं घेऊन ‘आमचा वाटा कुठाय?’ असा हिशेब मागणारं गाणं आजही सभेत म्हटलं की माणसं ताठ बसतात.

म्हणे, दादांची गाणी प्रचारकी! अहो, छापील कविता कळली नाही तर वाचक मागचं पान उलटतो. मैदानात बसलेल्या बाईला ती सोय नाही. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं की तिनं सोबत म्हटलं पाहिजे, आणि घरी जाताना ते तिच्या ओठांवर राहिलं पाहिजे. हे साधायला केवढी कारागिरी लागते! इथल्या सोमवारच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कुणी बैलाचा सौदा करत नाही. साहित्यातले हे कारभारी मात्र न वाचताच कवीची किंमत ठरवतात.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांत जाऊन सुपारी देताना फडमालकाचं नाव विचारतो. वग कुणी लिहिला, हे विचारतो का? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या आपल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं म्हातारपण हलाखीत गेलं, तेव्हा आपला तालुका काय करत होता?

दादा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी स्वतःची नाममुद्रा ठेवत. गायक वेळ वाचवायला नेमकं तेच कडवं गाळतात! गाणं उरतं, धनी पुसला जातो. ही चोरीच आहे, आणि टाळ्या वाजवणारे आपण तिचे साक्षीदार आहोत.

म्हणून पोरांनो, माझं एवढं ऐका. गावोगावच्या म्हाताऱ्या गायकांच्या वह्या आहेत, तोवर उतरवून घ्या. कोणतं गाणं कोणत्या चालीवर म्हणतात, तेही लिहा. आणि आज या मंचावर दादांचं जे गाणं होईल, ते शेवटच्या कडव्यासकट होऊ द्या.