कर्नल शाबेरचे सौजन्य

पानिपतच्या १७६१ च्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणारा तोतया उभा राहिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक याने याच्या नेमका उलट प्रसंग कल्पिला आहे. रणात पडला म्हणून नोंदला गेलेला खराखुरा वीर घरी परततो आणि जग त्यालाच तोतया ठरविते. १८३२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ही कथा पुढे ‘कर्नल शाबेर’ या नावाने ख्याती पावली.

१८०७ च्या एलाऊच्या लढाईत नेपोलियनच्या घोडदळातील शाबेर मस्तकावर तरवारीचा घाव बसून कोसळला आणि प्रेतांबरोबर पुरला गेला. त्या राशीतून वाट काढीत तो कसाबसा वर आला. एका गरीब जोडप्याने त्याला वाचविले. अनेक वर्षांनी तो पॅरिसला पोहोचला, तेव्हा नेपोलियनची सत्ता संपली होती. त्याची संपत्ती पत्नीकडे गेली होती, आणि ती आता काउंट फेरो याची पत्नी व दोन मुलांची आई होती. वकिलाच्या कचेरीत कारकून त्याच्या जुनाट कोटाची टर उडवीत. त्याची कहाणी मनापासून ऐकली ती एका देरव्हील वकिलाने.

एवढे भोगल्यावर माणूस कडवट व्हावा, हेच स्वाभाविक. शाबेर तसा झाला नाही. त्याच्या पलटणीतील व्हेर्न्यो नावाचा जुना शिपाई गाई पाळून दूध विकत असे. त्याने आपल्या मोडक्या घरातील सर्वांत चांगली खोली शाबेरला दिली. या कुटुंबावर कर्ज आहे असे कळताच शाबेरने वकिलाकडून मिळालेल्या पैशातून, स्वतःच्या तंबाखूला फाटा देऊन, ते फेडले.

पत्नीने त्याला आपल्या बागेतल्या घरी नेले. तेथे तिच्या मुलांना पाहून तो विरघळला. त्यांच्या आईचे सुख मोडण्यापेक्षा आपण मेलेलेच राहावे, असे त्याने मनाशी ठरविले. परंतु सहीसाठी पुढे आलेल्या कागदावर, आपण तोतया आहोत अशी कबुली होती. दयेपोटी तो हक्क सोडावयास सिद्ध होता; असत्यावर सही करावयास नव्हे. पाठोपाठ, आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचा बेतही त्याच्या कानी आला. तेव्हा त्याने पत्नीला आपला तिरस्कार स्पष्ट शब्दांत सांगितला, सूड मात्र घेतला नाही. दावा सोडून तो निघून गेला.

येथेच मृदुता आणि दुबळेपणा यांतील भेद उमगतो. दुबळा क्षमा करतो, कारण त्याला दुसरे काही करता येत नाही. शाबेरच्या हाती कायद्याचे शस्त्र होते, पाठीशी निष्णात वकील होता. तरीही त्याने ते शस्त्र म्यानात ठेवले.

बेवारशी मुलांच्या आश्रमात वाढलेला हा वीर शेवटी बिसेत्रच्या वृद्धाश्रमात दिसतो. १८४० मध्ये देरव्हील त्याला तेथे पाहतो, तेव्हा तो शाबेर हे नावही टाकून आपला क्रमांक सांगतो. बाल्झाकने त्याला न्याय मिळवून दिला नाही. समाजाने नाकारलेला तो न्याय देण्याचे काम त्याने वाचकाच्या अंतःकरणावर सोपविले आहे.